बाळ गंगाधर टिळक

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक (जन्म : रत्नागिरी, २३ जुलै १८५६, मृत्यू : मुंबई, १ ऑगस्ट १९२०) हे भारतीय स्वातंत्र्यचळवळीतील अग्रणी नेते, पत्रकार, शिक्षक, गणितज्ञ आणि संस्कृत विद्येचे व्यासंगी अभ्यासक होते. 'केसरी' आणि 'मराठा' या वृत्तपत्रांच्या संस्थापकांपैकी ते एक होत. ब्रिटिश राज्यात हिंदी लोकांची राजकीय मागणी दीर्घकाळ अर्जविनंत्यांच्या रूपाने, इंग्रजी भाषेतून आणि मूठभर सुशिक्षितांकरवी मांडली जात होती. टिळकांनी ती मराठीतून, सर्वसामान्य माणसाच्या परिचयाच्या मार्गांनी आणि हक्काच्या भाषेत मांडली. त्यासाठी त्यांना तीन वेळा तुरुंगवास भोगावा लागला. त्यांपैकी दोन शिक्षा राजद्रोहाच्या आरोपाखाली झाल्या. जनतेने त्यांना 'लोकमान्य' ही उपाधी दिली, तर ब्रिटिश राज्यकर्त्यांनी त्यांची गणना भारतीय असंतोषाच्या प्रमुख कारणांत केली.

जन्म आणि घराणे

टिळक घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील चिखलगावचे. त्यांचे पणजोबा केशवराव हे पेशवाईत अंजनवेल येथे मामलेदार होते आणि १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर त्यांनी तो अधिकार सोडला, असे चरित्रकार सांगतात. वडील गंगाधरपंत रत्नागिरीत शिक्षक होते. संस्कृत, व्याकरण आणि गणित या विषयांत त्यांना चांगली गती होती व त्यांनी शालेय पुस्तकेही लिहिली. आईचे नाव पार्वतीबाई. मुलाचे पाळण्यातील नाव केशव ठेवले होते, परंतु घरात रूढ झालेले 'बाळ' हेच नाव पुढे कायम झाले.

टिळकांचे जन्मस्थान असलेले घर रत्नागिरी शहरातील टिळक आळीत असून ते स्मारक म्हणून जतन केले आहे. शहराच्या दक्षिणेला काजळी नदी अरबी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी असलेल्या खाडीला पलीकडच्या भाट्ये गावावरून भाट्येची खाडी म्हणतात. टिळकांच्या आयुष्याची पहिली दहा वर्षे याच परिसरात गेली. पुढे त्यांना ब्रह्मदेशात बंदिवास घडला, त्या काळात याच खाडीकाठच्या टेकडीवर ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा ब्रिटिशांच्या कैदेत दिवस काढीत होता. (पाहा : मंडालेचा कारावास)

शिक्षण

१८६६ मध्ये गंगाधरपंतांची शाळा तपासनीसाच्या कामावर पुण्यास बदली झाली आणि कुटुंब तेथे गेले. पुण्यास आल्यावर लवकरच पार्वतीबाईंचे निधन झाले. १८७१ मध्ये बाळचा विवाह कोकणातील लाडघरच्या बाळ घराण्यातील तापी यांच्याशी झाला. सासरी त्यांचे नाव सत्यभामाबाई ठेवण्यात आले. पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, गंगाधरपंतही वारले. त्याच वर्षी टिळक मॅट्रिक झाले.

१८७३ मध्ये त्यांनी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात प्रवेश घेतला. शरीर अशक्त असल्याचे ध्यानात येताच त्यांनी महाविद्यालयातील पहिले वर्ष मुख्यतः व्यायाम, कुस्ती आणि पोहणे यांत घालवले. त्या वर्षी परीक्षेत अपयश आले, परंतु कमावलेली प्रकृती पुढे तुरुंगात उपयोगी पडली. गणित विषय घेऊन ते बी.ए. परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १८७९ मध्ये त्यांनी एल्‌एल.बी. पदवी मिळवली. सरकारी नोकरी न करण्याचा निश्चय त्यांनी व त्यांचे सहाध्यायी गोपाळ गणेश आगरकर यांनी याच काळात केला. कायद्याचे शिक्षण टिळकांनी वकिलीसाठी फारसे वापरले नाही. त्याचा खरा उपयोग त्यांना स्वतःवरील खटल्यांत झाला.

शाळा आणि वृत्तपत्रे

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र शाळा काढण्याचे ठरवले तेव्हा टिळक आणि आगरकर त्यांना येऊन मिळाले. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. पुढील वर्षी, जानेवारी १८८१ मध्ये, याच मंडळींनी 'केसरी' हे मराठी आणि 'मराठा' हे इंग्रजी साप्ताहिक काढले. आरंभी 'केसरी'चे संपादन आगरकरांकडे होते.

कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी या पत्रांनी लिहिले आणि संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. ज्या पत्रांच्या आधारे हे लेखन झाले ती बनावट ठरली आणि १८८२ मध्ये अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढल्यावर त्यांची सुटका झाली. टिळकांचा हा पहिला कारावास होय.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाची स्थापना झाली. तेथे टिळक गणित शिकवीत. आजीव सदस्यांनी बाहेरची मिळकत करावी की नाही, यावरून संस्थेत मतभेद झाले. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, या प्रश्नावर टिळक आणि आगरकर यांच्यातही दुरावा वाढत गेला. आगरकरांनी 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केले, तर टिळकांनी १८९० मध्ये संस्थेचा राजीनामा दिला. दोन्ही वृत्तपत्रांचे स्वामित्व, त्यांवरील कर्जासह, १८९१ च्या सुमारास टिळकांकडे आले. येथून पुढे वृत्तपत्र हेच त्यांच्या कार्याचे मुख्य साधन झाले.

सार्वजनिक उत्सव आणि दुष्काळातील कार्य

१८९३-९४ पासून गणेशोत्सवाला मिळालेल्या सार्वजनिक स्वरूपाचा टिळकांनी 'केसरी'तून जोरदार पुरस्कार केला. घरोघरी होणाऱ्या पूजेला मेळे, व्याख्याने आणि मिरवणुकींची जोड मिळाल्याने राजकीय सभेला कधीही न येणारा वर्ग एकत्र येऊ लागला. १८९५ मध्ये त्यांनी रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी जमवण्यास आरंभ केला आणि पुढील वर्षी रायगडावर शिवाजी उत्सव साजरा झाला. या उत्सवांमुळे हिंदूंची एकजूट वाढली तरी मुसलमान समाज त्यांपासून दूर राहिला, असा आक्षेप त्या काळापासून घेतला गेला आहे.

१८९५ मध्ये टिळक मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. त्याच वर्षी पुण्याच्या सार्वजनिक सभेवर त्यांच्या पक्षाचे वर्चस्व प्रस्थापित झाले. १८९६ मध्ये पाऊस न झाल्याने दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. पीक बुडाल्यास शेतसाऱ्यात सूट अथवा तहकुबी देण्याची तरतूद सरकारच्याच दुष्काळी नियमांत होती, परंतु शेतकऱ्यांना ती ठाऊक नव्हती. टिळकांनी या नियमांची माहिती मराठीत छापून गावोगाव पोहोचवली. सभेच्या कार्यकर्त्यांनी खेड्यांत सभा घेतल्या आणि सारा भरण्याची ऐपत नसेल तर घरदार विकून तो भरू नये, असे शेतकऱ्यांना समजावले. ही सारी चळवळ कायद्याच्या चौकटीत होती. तरीही १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली.

प्लेग आणि १८९७ चा खटला

१८९६ च्या अखेरीस मुंबईत आलेला प्लेग पुढील वर्षाच्या आरंभी पुण्यात पसरला. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिकाराखालील प्लेग समितीने घरांच्या तपासणीसाठी गोरे सैनिक नेमले. सोवळ्याओवळ्याचा भंग, स्त्रियांशी उद्धट वर्तन आणि सामानाची नासधूस यांच्या तक्रारींनी शहर संतप्त झाले. अनेक पुढारी पुणे सोडून गेले असता टिळक शहरातच राहिले. त्यांनी हिंदू रुग्णांसाठी रुग्णालय उघडण्यात पुढाकार घेतला आणि 'केसरी'तून तपासणीच्या पद्धतीवर कठोर टीका केली.

२२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड काही दिवसांनी मरण पावले. या कटात टिळकांचा हात असल्याचा आरोप सरकारने न्यायालयात कधीही ठेवला नाही. मात्र खुनाच्या आठवडाभर आधी 'केसरी'त आलेल्या शिवाजी उत्सवाच्या वृत्तान्ताबद्दल त्यांना जुलैच्या अखेरीस राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. अफजलखानाच्या वधाचे समर्थन करणारे विवेचन त्यात होते. जामीन प्रथम नाकारला गेला. नंतर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. बचावासाठी बंगालमधूनही निधी आला.

न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे खटला चालला. ज्यूरीतील सहा युरोपीय सदस्यांनी टिळकांना दोषी ठरवले, तर तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. सप्टेंबर १८९७ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. राजद्रोहाचे १२४अ हे कलम १८७० मध्ये दंडसंहितेत आले होते. स्ट्रेची यांनी अप्रीती म्हणजे सरकारविषयी प्रीतीचा अभाव असा व्यापक अर्थ लावल्याने हा खटला हिंदुस्थानातील वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. टिळकांच्या वेदविषयक संशोधनाची कदर असलेल्या मॅक्स म्युलर प्रभृती विद्वानांनी त्यांच्यासाठी दयेचा अर्ज केला आणि मुदतीपूर्वी, सप्टेंबर १८९८ मध्ये, त्यांची सुटका झाली.

यानंतरची काही वर्षे बाबा महाराजांच्या इस्टेटीचे विश्वस्त या नात्याने उद्भवलेल्या ताईमहाराज प्रकरणात गेली. खोटी साक्ष दिल्याबद्दल झालेली शिक्षा १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. मूळ दिवाणी वादाचा निकाल प्रिव्ही कौन्सिलकडून लागण्यास १९१५ साल उजाडले. या दगदगीतच, १९०३ मध्ये, त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने दगावला.

वंगभंग आणि चतुःसूत्री

१६ ऑक्टोबर १९०५ रोजी लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने बंगालची फाळणी अमलात आणली. तिच्या विरोधात बंगालमध्ये उठलेली चळवळ टिळकांनी संपूर्ण हिंदुस्थानची मानली. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य ही चतुःसूत्री त्यांनी पुढे मांडली. पंजाबचे लाला लजपतराय व बंगालचे बिपिनचंद्र पाल यांच्यासह ते 'लाल-बाल-पाल' या त्रयीत ओळखले जाऊ लागले. पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. तळेगावचा काच कारखाना उभारणाऱ्या पैसा फंडासारख्या उपक्रमांना 'केसरी'ने पाठबळ दिले.

राज्यकर्त्या देशाच्या मालावर बहिष्कार टाकून राजकीय हक्क मागण्याची रीत जगाला नवी नव्हती. उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींनी १७६५ च्या मुद्रांक कायद्याविरुद्ध ब्रिटिश माल नाकारला होता. ज्या पार्लमेंटमध्ये आपले प्रतिनिधी नाहीत तिला आपल्यावर कर बसवण्याचा अधिकार नाही, अशी त्यांची भूमिका होती. डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टन बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, ४ जुलै १७७६ रोजी तेरा वसाहतींचे स्वातंत्र्य जाहीर झाले आणि १७८३ च्या पॅरिसच्या तहाने ब्रिटनने ते मान्य केले. पुढे बहिष्काराचे हत्यार आयर्लंडमधील कुळांनी जमीनदारांविरुद्ध आणि १९०५ मध्ये चीनमधील व्यापाऱ्यांनी अमेरिकन मालाविरुद्ध वापरले.

हिंदुस्थानची परिस्थिती मात्र अमेरिकेहून फार भिन्न होती. अमेरिकन वसाहतींत लोकनियुक्त सभांची परंपरा दीडशे वर्षांची होती. व्हर्जिनियातील पहिली सभा १६१९ मध्ये भरली होती. वसाहतवाल्यांजवळ शस्त्रे आणि स्वतःची नागरी पथके होती. हिंदुस्थानात १८७८ च्या कायद्याने शस्त्रे बाळगण्यावर कडक निर्बंध आले होते आणि कायदेमंडळांतील मोजक्या हिंदी सभासदांना कराविषयी निर्णयाचा अधिकार नव्हता. या स्थितीत वृत्तपत्र, उत्सव, बहिष्कार आणि प्रसंगी न्यायालयातील आरोपीचा पिंजरा हीच टिळकांची साधने राहिली.

१९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात दादाभाई नौरोजी यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने स्वराज्य हे ध्येय उच्चारले. तथापि बहिष्काराच्या व्याप्तीवरून नेमस्त आणि जहाल यांचे एकमत होईना. डिसेंबर १९०७ मध्ये सुरत येथे अधिवेशन गोंधळात उधळले गेले व काँग्रेस दुभंगली. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या गटाकडे संघटना राहिली. जहाल पक्ष एकाकी पडला असतानाच सरकारने त्याच्याविरुद्ध कारवाईस आरंभ केला.

१९०८ चा खटला

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस व प्रफुल्ल चाकी यांनी न्यायाधीश किंग्जफर्ड यांच्या समजुतीने एका गाडीवर बॉम्ब टाकला. त्यात दोन इंग्रज स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. 'केसरी'ने या कृत्याचा निषेध केला, परंतु दडपशाहीमुळे तरुण या मार्गाकडे वळतात आणि स्वराज्याचे हक्क देणे हाच त्यावरील उपाय आहे, असेही प्रतिपादन केले. १२ मे आणि ९ जून १९०८ च्या अंकांतील लेखांवरून टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला व २४ जून रोजी मुंबईत त्यांना अटक झाली. जामिनासाठी मोहम्मद अली जीना यांनी केलेला अर्ज फेटाळला गेला.

१३ ते २२ जुलै या काळात मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला. न्यायमूर्ती दिनशा दावर हे १८९७ मध्ये टिळकांच्या बाजूचे वकील होते. आता ते न्यायासनावर होते. टिळकांनी वकील न देता स्वतःचा बचाव स्वतः केला. त्यांचे भाषण अनेक दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक चालले. मराठी लेखांच्या इंग्रजी भाषांतरात अर्थ कसा बदलला आहे हे त्यांनी शब्दाशब्दाने दाखवले आणि राज्यकारभारावर टीका करण्याचा वृत्तपत्राचा अधिकार मांडला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड सुनावण्यात आला. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्नावे वर्ष पूर्ण होत होते.

शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईतील गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवस काम बंद ठेवले. सैन्य बोलावण्यात आले आणि गोळीबारात माणसे मारली गेली. या कामगारांत कोकणातून मुंबईस आलेल्यांचा भरणा मोठा होता. हिंदुस्थानातील कामगारांनी राजकीय कारणासाठी केलेला हा पहिला मोठा संप मानला जातो. त्याची दखल रशियन क्रांतिकारक लेनिन यांनीही घेतली.

मंडालेचा कारावास

टिळकांना प्रथम साबरमती येथे आणि सप्टेंबर १९०८ मध्ये ब्रह्मदेशातील मंडाले येथे नेण्यात आले. काळ्या पाण्याच्या शिक्षेचे रूपांतर साध्या कैदेत करण्यात आले. मंडालेचा तुरुंग तेथील जुन्या राजनगरीच्या तटाच्या आत होता. लाकडी फळ्यांच्या बराकीत उन्हाळ्यात धग आणि हिवाळ्यात थंडी सोसावी लागे. टिळकांना मधुमेह होता, त्यामुळे आहाराचे पथ्यही सांभाळावे लागे.

या राजनगरीत १८८५ पर्यंत थिबा राजा राज्य करीत होता. तिसऱ्या ब्रह्मी युद्धात ब्रिटिशांनी त्याला पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये तयार झाला. आजही थिबा राजवाड्याच्या परिसरातून भाट्येची खाडी आणि पलीकडचा भाट्येचा किनारा दिसतो. अशा रीतीने काही वर्षे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत, असे दोघेही एकाच सत्तेचे कैदी होते. आपापल्या मुलखातील माणसांपासून तोडण्यासाठी ब्रिटिश सरकार राजबंद्यांना साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवीत असे. थिबा डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. त्याला मायदेश पुन्हा दिसला नाही.

मंडालेत टिळकांनी वाचन आणि लेखन यांत वेळ घालवला. जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास त्यांनी तेथे केला. १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत, त्यांनी 'गीतारहस्य' हा ग्रंथ शिसपेन्सिलीने लिहून काढला. भगवद्‌गीतेचा मुख्य उपदेश संन्यासाचा नसून निष्काम कर्मयोगाचा आहे, हे त्याचे सार होय. जून १९१२ मध्ये सत्यभामाबाईंचे पुण्यात निधन झाले. टिळकांना ती वार्ता तारेने समजली. जून १९१४ मध्ये एका मध्यरात्री त्यांना पुण्यातील राहत्या गायकवाड वाड्यात आणून सोडण्यात आले.

होमरूल चळवळ

सुटकेनंतर टिळकांनी दुभंगलेली काँग्रेस एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. १९१५ मध्ये गोखले आणि मेहता या दोघांचेही निधन झाले आणि १९१६ च्या लखनौ अधिवेशनात जहाल गट काँग्रेसमध्ये परतला. याच अधिवेशनात काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यात करार झाला. मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ देण्यास टिळकांनी संमती दिली. त्यांच्या अनुयायांपैकी अनेकांना ही तडजोड मान्य नव्हती.

तत्पूर्वी २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगाव येथे टिळकांच्या नेतृत्वाखाली होमरूल लीगची स्थापना झाली होती. जोसेफ बॅप्टिस्टा हे तिचे अध्यक्ष आणि नरसिंह चिंतामण केळकर हे चिटणीस होते. मुंबई शहर वगळता महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे तिचे कार्यक्षेत्र होते. ॲनी बेझंट यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरी लीग स्थापन केली. टिळकांच्या लीगने सहा मराठी व दोन इंग्रजी पुस्तिका काढल्या. एप्रिल १९१७ पर्यंत तिची सभासदसंख्या सुमारे १४ हजार झाली.

या काळातील भाषणांत टिळकांनी स्वराज्याची कल्पना घरगुती उदाहरणांनी समजावून दिली. सम्राटाला विरोध करणे आणि नोकरशाहीच्या कारभारात बदल मागणे, यांत त्यांनी कटाक्षाने फरक केला. अमेरिकन वसाहतींप्रमाणे साम्राज्यातून फुटून निघण्याची मागणी त्यांनी केली नाही. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांना साम्राज्यात राहून मिळालेले स्वशासन हिंदुस्थानला मिळावे, असे ते म्हणत. मात्र हे स्वराज्य सरकारची कृपा नसून लोकांचा जन्मसिद्ध हक्क आहे, ही त्यांची भूमिका होती. मातृभाषेतून शिक्षण आणि भाषावार प्रांतरचना यांचाही त्यांनी पुरस्कार केला.

बेळगाव आणि अहमदनगर येथील भाषणांबद्दल सरकारने २३ जुलै १९१६ रोजी, म्हणजे त्यांच्या षष्ट्यब्दीच्याच दिवशी, त्यांना नोटीस बजावली. वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन देण्याचा आदेश झाला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. या वेळी जीना यांनी टिळकांची बाजू यशस्वीपणे मांडली. स्वराज्याची मागणी म्हणजे राजद्रोह नव्हे, असा अर्थ या निकालातून जनतेने घेतला आणि चळवळीला मोठे बळ मिळाले. षष्ट्यब्दीनिमित्त अर्पण झालेली एक लाख रुपयांची थैली टिळकांनी राष्ट्रकार्याला दिली.

इंग्लंड आणि अमेरिकेतील प्रयत्न

इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात टिळकांना हिंसक कृत्यांस जबाबदार धरले होते. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावण्यासाठी टिळक १९१८ मध्ये इंग्लंडला गेले. त्यामुळे त्याच वर्षीच्या दिल्ली काँग्रेसचे अध्यक्षपद निवडून येऊनही त्यांना स्वीकारता आले नाही. १९१९ मध्ये दाव्याचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला आणि खर्चाचा मोठा बोजा पडला. तरीही इंग्लंडमधील सुमारे एक वर्षाच्या वास्तव्यात त्यांनी सभा घेतल्या, मजूर पक्षाशी संबंध जोडले आणि पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली.

अमेरिकेचे लोकमत हिंदुस्थानला अनुकूल करण्याचेही प्रयत्न याच काळात चालू होते. लाला लजपतराय यांनी १९१७ मध्ये न्यूयॉर्क येथे होमरूल लीग स्थापन केली होती. त्यांच्या कार्यात डॉ. नारायण सुब्बराव हर्डीकर यांचे साहाय्य होते. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मांडलेल्या स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाने अनेक परतंत्र देशांत आशा निर्माण झाली होती. काँग्रेसने पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी टिळकांची प्रतिनिधी म्हणून निवड केली. तेथे जाण्याची परवानगी न मिळाल्याने त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना लेखी निवेदन पाठवले. हिंदुस्थानला स्वयंनिर्णयाचा हक्क मात्र मिळाला नाही.

सामाजिक भूमिका आणि टीका

टिळकांच्या सामाजिक विचारांवर त्यांच्या हयातीतच तीव्र टीका झाली. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या विधेयकास त्यांनी विरोध केला. परकीय सरकारने कायद्याने धर्माचारात हस्तक्षेप करू नये, अशी त्यांची भूमिका होती. मुलींच्या जिवाचा प्रश्न असताना हा युक्तिवाद अपुरा असल्याचे सुधारकांचे म्हणणे होते. वेदोक्त प्रकरणात त्यांनी राजर्षी शाहू महाराजांच्या विरोधी बाजू घेतली. अथणी येथील भाषणात त्यांनी कायदेमंडळात जातवार प्रतिनिधित्व मागणाऱ्या ब्राह्मणेतरांवर केलेल्या टीकेमुळे बहुजन समाजात नाराजी पसरली. मार्च १९१८ मध्ये मुंबईत झालेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध भाषण केले, परंतु ती वैयक्तिक आचरणात न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रकावर स्वाक्षरी केली नाही.

दुसरीकडे, इंग्रजी न जाणणाऱ्या शेतकरी, कारागीर आणि कामगार वर्गाशी त्यांच्याइतका थेट संबंध त्या पिढीतील दुसऱ्या कोणत्याही मराठी राजकीय नेत्याने जोडला नव्हता. तेल्यातांबोळ्यांचे पुढारी असा त्यांचा उल्लेख होई. उपहासाने आलेले हे विशेषण पुढे गौरवाचे ठरले.

ग्रंथसंपदा

वेदांचा काळ ज्योतिषशास्त्रीय पुराव्यांवरून ठरवणारा 'ओरायन' (१८९३), आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाच्या प्रदेशात असल्याचा सिद्धान्त मांडणारा 'आर्क्टिक होम इन द वेदाज' (१९०३) आणि 'गीतारहस्य' (१९१५) हे टिळकांचे प्रमुख ग्रंथ होत. पहिले दोन इंग्रजीत असून 'गीतारहस्य' मराठीत आहे. उत्तर ध्रुवाचा सिद्धान्त आज संशोधक स्वीकारत नाहीत. 'गीतारहस्या'चे मात्र अनेक भारतीय भाषांत अनुवाद झाले. 'केसरी'तील त्यांचे अग्रलेख मराठी गद्यात सरळ, तर्कनिष्ठ आणि ठोस शैलीचा नमुना मानले जातात.

मृत्यू आणि वारसा

डिसेंबर १९१९ च्या अमृतसर काँग्रेसमध्ये टिळकांनी नव्या सुधारणा कायद्याबाबत प्रतियोगी सहकारितेचे धोरण मांडले. सरकार जितके सहकार्य करील तितकेच आपण करावे, असा त्याचा आशय होता. एप्रिल १९२० मध्ये त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाची घोषणा केली, परंतु निवडणुका होण्यापूर्वीच ते आजारी पडले. १ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईतील सरदारगृहात त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला प्रचंड जनसमुदाय लोटला. महात्मा गांधी आणि शौकत अली यांनी त्यांच्या पार्थिवाला खांदा दिला. गिरगाव चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

त्याच दिवशी गांधीजींच्या असहकार चळवळीला आरंभ झाला. परदेशी कापडावरील बहिष्कार, राष्ट्रीय शाळा, न्यायालयात शिक्षा निर्भयपणे स्वीकारणे आणि मातृभाषेतून प्रचार ही या चळवळीची अंगे महाराष्ट्राला टिळकांच्या कार्यामुळे परिचयाची होती. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवण्यात आले. ज्या १२४अ कलमाखाली टिळकांना दोनदा शिक्षा झाली, त्याच कलमाखाली १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देताना न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेचा दाखला दिला. टिळकांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, हिंदुस्थान स्वतंत्र झाला. ज्या मुंबई उच्च न्यायालयात त्यांना १९०८ मध्ये शिक्षा झाली, तेथील त्याच दालनाबाहेर पुढे त्यांच्या स्मरणार्थ शिलालेख बसवण्यात आला.